गाठ मारलेली भाकर

मित्रांनो, दुसरबीडला रस्त्याच्या कडेला बसलेली एक हाडकुळी तांबडी गाय तुम्ही पाहिली असेल, तर ती मीच.

माझा जन्म इंद्रभान यांच्या गोठ्यात झाला. तेव्हा त्यांच्या शेतात ज्वारी असायची. कणसं खुडली की कडबा गोठ्यामागे रचला जाई. घरातली माणसं भाकर खात, आम्ही कडबा खात असू. एकाच पिकावर दोन्ही पोटं भरत. माझं दूध घट्ट होतं. इंद्रभान पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "दूध नाही देत हे, खवाच देते."

मग हळूहळू घरातलं जेवण बदललं. सकाळी बिस्किटं आली, दुपारी तिखट खाऊची पाकिटं आली. इंद्रभानांची नात पायल भाकरीला नाक मुरडू लागली.

"आजी, पोरी हसतेत मले. भाकर काऊन आणतं म्हणतेत."

"हसू दे व माय. दात चांगले असले त हसतीलच," सिंधूताई म्हणत आणि डब्यात भाकरच घालत.

पण ताटातली भाकर उरू लागली. एका पेरणीला इंद्रभान म्हणाले, "घरात कोणी खाईना, मंग ज्वारी पेरू कोणासाठी? पाखरांसाठी?" त्यांनी सगळ्या रानात सोयाबीन पेरलं. कडबा संपला. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, उन्हाळ्यापर्यंतही पुरेना. मग सकाळी माझं दावं सोडून मला गावात मोकळं फिरू देऊ लागले. मी गाभण होते आणि मला दोघांपुरतं खायला हवं होतं.

आमच्या आळीत एक रीत आहे. उरलेलं अन्न पिशवीत भरायचं, वर गाठ मारायची आणि गाईपुढे टाकायचं. अन्न वाया गेलं नाही, मुक्या जिवाच्या मुखी लागलं, असं सगळ्यांना वाटतं. पायलही तेच शिकली. शाळेच्या मधल्या सुट्टीत ती दुकानातलं तिखट पाकीट खाई. मग डब्यातली भाकर आणि रिकामं पाकीट पिशवीत घालून, घट्ट गाठ मारून माझ्याकडे येई. "घे तांबडे, तुह्यासाठी आणलं," म्हणत माझ्या कपाळावर हात फिरवी. तिचा माझ्यावर फार जीव होता.

मला भाकरीचा वास येई. पण मला हात नाहीत, मित्रांनो. गाठ कशी सोडणार? मी पिशवीसकट गिळत असे.

पुढे पायल प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली. दवाखान्यात सांगितलं, अंगात रक्त कमी आहे. सिंधूताईंना काही उमजेना. "डबा त रोज खाली येते पोरीचा!"

त्याच दिवसांत माझं वासरू जन्मलं. ते हललंच नाही. मी त्याला खूप वेळ चाटत राहिले.

माझं पोट फुगलेलंच होतं. जनावरांचे डॉक्टर जाकीर आले. पोट दाबून पाहत ते म्हणाले, "इंद्रभानभाऊ, गाय भरल्या पोटी उपाशी हाय. वासराले काय भेटणार?"

त्यांनी कुशीला छेद देऊन माझं पोट उघडलं आणि आतून घमेली भरून प्लास्टिक काढलं. गाठी तशाच होत्या. जाकीर डॉक्टरांनी एक पिशवी फाडली, तर आत काळी पडलेली भाकर आणि लाल पाकीट निघालं.

"हे कोणाच्या घरचं व?" सिंधूताईंनी विचारलं.

पायल गोठ्याच्या दारात उभी होती. "माह्यं," ती म्हणाली. "मले वाटलं, तांबडी भाकर खाऊन राह्यली." आणि ती रडू लागली. तिला कोणीही रागावलं नाही. वासराला पुरलं होतं त्या जागेकडे कोणी पाहिलंही नाही.

सगळं प्लास्टिक निघालेलं नाही. पुन्हा पोट उघडलं तर मी वाचणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. इंद्रभानांनी यंदा बांधालगत ज्वारी पेरली आहे. तिचा कडबा माझ्या वाट्याला येईल, असं मला वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या ताटातून जे उठतं, ते शेतातूनही उठतं. मग आमच्या गव्हाणीतूनही जातं. म्हणून घरचं अन्न पोटभर खा. त्यातून घास उरला आणि मला द्यावासा वाटला, तर उघड्या तळहातावर ठेवून द्या. माझी जीभ खरखरीत आहे, पण भिऊ नका. तळहात मी आजवर कधी गिळलेला नाही.