न मोजलेलं झाड

साखरशेत गावाच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथल्या उताराची गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. त्यावरच्या मोहांची सावली सकाळी जव्हारच्या एसटी डेपोवर पडायची आणि सांजेला मोखाड्याच्या बाजारात. कंडक्टर लोक सावली सरकली की गाडी सोडत. खालच्या ओहोळातले खेकडे तर एवढे, की पकडायला गेलेल्या मंगळूला त्यांनीच धरून घरी पोचवला.

दोन हजार एकच्या पावसात वरच्या दगडखाणीचा ढिगारा सुटला आणि झाडं, ओहोळ, सगळं दगडामातीखाली गेलं. यात मीठमसाला घालायला जागा नाही.

खाणवाल्यांशी ठरलं ते असं: भरपाई पैशात नाही. उतार होता तसा करून द्यायचा, ओहोळ मोकळा करायचा, गेलं ते झाड परत लावायचं. कुठली झाडं गेली ते ठरवायला खाणवाल्यांचे गौतम साहेब घरोघर फिरले.

"जिव्यादादा, तुमची काय गेली?"

"दोन मोह, आंबा आन् हिरडा."

"नीट आठवा. सांगाल ते लागेल, राहिलं ते राहिलं."

"नाय, बस."

शेजारची रामी फिसकन हसली. "साहेब, हा कोंबडी विकताना तिला खोकला हाय म्हणून सांगतो. याच्या तोंडून जास्तीचं झाड निघायचं नाय!"

पण एक मोह राहिलाच होता. जिव्याची बायको भागी दाराशी उभी होती, तीही बोलली नाही. त्या मोहाच्या मुळाशी तिचं पहिलं लेकरू पुरलेलं, नाव ठेवायच्या आधी गेलेलं. आमच्याकडं असं झाड घरच्या झाडांत धरत नाहीत. त्याची फुलं वेचत नाहीत, चारचौघांत त्याचं नाव काढत नाहीत. मग त्याची भरपाई कुठल्या तोंडानं मागायची? मोह फुलला की भागी तिथं जाऊन नुसती बसायची, एवढंच आम्हाला ठाऊक.

पुढच्या साली मशीन आलं. उतार साफ झाला, नवे बांध घातले, रोपं लागली. भागी वर गेली आणि फिरतच राहिली. मूळ नाही, खुणेचा दगड नाही. वरची माती खाली, खालची कुठं गेली कोण जाणे.

"काय शोधताय, ताई?" साहेबांनी विचारलं.

तिनं पदर तोंडाशी धरला. शेवटी जिव्यानंच सांगितलं, अर्धं तोंडातल्या तोंडात.

"अहो, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"ते मोजायचं नव्हतं, साहेब."

साहेब भला माणूस. जीपमधून मोहाचं एक रोप आणि कुदळ घेऊन आले. "जागा तेवढी दाखवा. खड्डा मी खणतो."

भागी नवऱ्याकडं वळली. "माझ्या डोळ्यांना काय कळत नाय. पुरलंस तूच. सांग, कुठं?"

जिव्या उताराकडं बघत राहिला. मग सरळ चालत गेला आणि एका बांधाखाली टाच रोवली.

"इथंच."

"नक्की?"

"नक्की."

जन्मात पहिल्यांदा खोटं बोलणाऱ्याचं तोंड कसं दिसतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. भागीनंही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती त्याच्या पायाशी बसली.

साहेबांनी कुदळ उचलली, तर तिनं हात आडवा घातला.

"कुदळ नको, साहेब. लागंल त्याला."

आणि बोटांनीच माती उकरू लागली.