आबांच्या तीन मुठी

मित्रांनो, मी एक जुना गोल ओव्हन आहे. वय पस्तिशीच्या पुढे, अंगावर दोन पोचे आणि स्वभावाने थोडा तोऱ्यातला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या या तोऱ्याचाही हात होता.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. ॲल्युमिनियमचा पत्रा चाकावर गरागरा फिरवून मला डब्याचा आकार दिला, बुडात आणि झाकणात तारेची वेटोळी बसवली आणि झाकणाच्या मधोमध काचेची गोल खिडकी ठेवली. ती माणसांना आत डोकावायला असते. मी मात्र तिच्यातून बाहेर बघायला शिकलो. ताप दाखवणारा काटा मला नाही, त्यामुळे मला समजून घेणारा माणूस भेटणं हा नशिबाचाच भाग होता.

तो माणूस मला भेटला. आसाराम आबा हे पालीचे, म्हणजे बीडजवळच्या बिंदुसरा धरणापाशी जे गाव आहे तिथले. लग्नात स्वयंपाक करणारे आचारी. हजार पानांचं जेवण करतानाही त्यांनी कधी वजनकाटा वापरला नाही. मीठ, तिखट, डाळ, सगळं मुठीने, आणि कधी काही चुकलं नाही. माझा तापसुद्धा ते झाकणावर पंजा धरून ओळखायचे. त्यांच्या पत्नी छबुबाई दिवाळीला माझ्यात नानकटाई करत. मैदा, तूप, पिठीसाखर, मूठभर बेसन आणि वर एकेक चारोळी. गल्लीतल्या बाया आपापलं सामान घेऊन यायच्या आणि माझ्यासाठी नंबर लावून ओट्यावर बसायच्या. कौतुक ऐकून ऐकून मी फुगलो होतो. आपल्याशिवाय या गावाची दिवाळी होत नाही, असं मला खरोखर वाटायचं.

मग छबुबाई गेल्या. दुकानात पुडे मिळू लागले. मला माळ्यावर टाकलं आणि माझ्या पोटात कुकरच्या जुन्या रिंगा, खिळे आणि पाना-पक्कड ठेवली. एका उंदरीने तर माझ्यात बाळंतपण केलं आणि जाताना माझी वायरही कुरतडून गेली. अशी अकरा वर्षं गेली, मित्रांनो. दर दिवाळीला खालून तळणाचा वास यायचा आणि मला रडू यायचं.

मला खाली आणलं ते आबांची सून सत्यशीला हिने. ती बीडच्या कोर्टात टायपिस्ट आहे आणि रोज रिक्षाने जाऊन-येऊन करते. तिची मुलगी तेजश्री आठ वर्षांची असताना एकाएकी वाळत गेली आणि तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली. दवाखान्यात कळलं की तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. तेव्हापासून रोज चार सुया, बोटाला टोचून साखर तपासणं आणि प्रत्येक घासाचा हिशोब. भाकरी, भात, बटाटा यांतली पिष्टमय साखर किती, ते बघून सुईचं माप ठरतं. माप कमी पडलं तर साखर चढते आणि जास्त झालं तर एकदम उतरते. एकदा सत्यशीलाने अंदाजाने दोन युनिट जास्त दिले होते. पोरगी अंगणातच कोसळली. त्या दिवसापासून सत्यशीलाने अंदाज हा शब्दच टाकून दिला. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आला आणि भिंतीवर कोणत्या पदार्थात किती साखर होते त्याचा तक्ता लागला.

तेजश्रीला मात्र नानकटाई आवडायची. म्हणून सत्यशीलाने मोबाईलवर बघून धान्याशिवायची नानकटाई करायचं ठरवलं. गावातल्या वायरमनकडून, म्हाळूकडून, तिने माझी वायर बदलून घेतली. शेंगदाणे भाजून, सोलून, थांबत थांबत मिक्सरवर फिरवायचे, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. त्यात थोडे बदाम, सुक्या खोबऱ्याचा कीस, जवसाची पूड, तूप आणि गोडीला औषधाच्या दुकानातली, रक्तातली साखर न चढवणारी पांढरी पूड. अशा सहा नानकट्या खाल्ल्या तरी सुई लागत नसे.

खरं सांगू? मला ते पीठ पाहूनच राग यायचा. मैद्याशिवाय नानकटाई म्हणजे वरमाईशिवाय लग्न! त्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. कडा चटकन करपतात, मध्ये कच्चं राहतं आणि गरम असताना उचलली की हातात भुगा. पहिले तीन घाणे मी जाळले आणि दोष पिठाला दिला. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय! हळूहळू मंद आचेवर भाजायचं आणि ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ द्यायचं, हे सत्यशीला शिकली. तरी डब्यातून नेताना त्या मोडायच्याच.

गेल्या वर्षी शाळेची सहल धरणावर गेली तेव्हा तेजश्रीच्या डब्यातला भुगा बघून वर्गातली सुनिता म्हणाली की हिची आई हिला कोंडा देते. सगळ्या हसल्या. घरी येऊन तेजश्रीने डबा ओट्यावर ठेवला आणि सांगितलं की पुढच्या सहलीला मी काहीच नेणार नाही, उपाशी राहीन. आबा तिथेच लसूण सोलत होते. त्यांचे हात थांबले.

यंदाची सहल कपिलधारला होती, धबधबा बघायला. आदल्या दिवशी सकाळी सत्यशीलाने पीठ मळून परातीत झाकून ठेवलं. जाताना तिने सासऱ्यांना सांगितलं, "मामा, नुसते गोळे करा अन् भाजा. गार झाल्याबिगर हात लावू नका."

दुपारी आबा एकटेच होते. पहिला गोळा वळला, तो फुटला. दुसरा फुटला. ज्या हातांनी हजार-हजार लाडू वळले, त्या हातांत वीस नानकट्या टिकेनात. आबांनी कपाळ पुसलं. मग ते फडताळाकडे गेले आणि आपल्या शनिवारच्या उपवासाचा डबा घेऊन आले. त्यात भगरीचं पीठ होतं.

"धान्य नको म्हनती ना," ते स्वतःशीच म्हणाले. "भगर कुठं धान्य हाय? उपवासाला चालती की."

आमच्याकडे हे इतकं साधं आहे, की त्यावर कुणी विचारही करत नाही. जे उपवासाला चालतं ते धान्य नाही. आबांनी एक मूठ टाकली, मळून पाहिलं, दुसरी टाकली, मग तिसरी. पीठ लोण्यासारखं एकजीव झालं. वीस गोल गरगरीत गोळे ट्रेमध्ये बसले.

आणि मी? मी हरखून गेलो. किती वर्षांनी माझ्या पोटात नीट पसरणारं, वरून हलकेच तडकणारं पीठ आलं होतं! मी जीव ओतून भाजलं. त्या पिठात काहीतरी वेगळं आहे हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मला पहिल्या पाच मिनिटांतच कळलं होतं. पण माझं लक्ष नानकट्यांना येणाऱ्या रंगाकडे होतं.

चार वाजता तेजश्री शाळेतून आली. आबांनी गरम नानकटाई तिच्या हातावर ठेवली. ती मोडली नाही. पोरीने तिच्याकडे बघितलं, आबांकडे बघितलं आणि हसली. सहा खाल्ल्या तरी चालतात, म्हणून तिने सहा खाल्ल्या. आबा तिच्याकडे बघत बसले होते. इतकं सुखी मी त्यांना छबुबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

साडेसहाला सत्यशीला आली तेव्हा तेजश्री माठापाशी उभी होती. तिसरा पेला. सत्यशीलाने पर्सही खाली ठेवली नाही. तिने बोट टोचलं आणि यंत्रावर आकडा आला तीनशे अठरा. शाळेतून आल्या आल्या तेजश्रीने तपासला तेव्हा तो एकशे तीस होता.

सत्यशीलाने विचारलं, काय खाल्लंस? तेजश्री म्हणाली, फक्त नानकटाई. सत्यशीला म्हणाली की नानकटाईने इतकी साखर चढत नाही, ती मी स्वतः मळली आहे. शाळेबाहेर काय खाल्लं ते सांग. पोरगी तेच सांगत राहिली. सत्यशीलाचा आवाज चढत गेला. तिला राग कमी आणि भीती जास्त होती, हे मला दिसत होतं. काय खाल्लं, किती खाल्लं हे कळल्याशिवाय सुई किती द्यायची? कमी दिली तर साखर आणखी चढणार आणि जास्त दिली तर पुन्हा अंगणातला तो दिवस.

ती एकेक नाव घेऊ लागली. "बिस्कीट? पाव? भेळ? कुणाच्या उपवासाच्या डब्यातलं काही? साबुदाणा? भगर?"

आबा दारात बसले होते. 'भगर' हा शब्द आला आणि त्यांची मान वर झाली. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. तो तक्ता तीन वर्षं तिथेच होता, पण मुठीने स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तो वाचायची गरज कधी वाटली नव्हती. ते उठले, तक्त्याजवळ गेले आणि बोट फिरवत फिरवत एका ओळीवर थांबले. तिथे साबुदाणा आणि भगर शेजारी शेजारी लिहिले होते. तांदळाच्या अगदी खाली.

आता बोलतील, असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. ते माझ्यापाशी आले आणि माझ्या गार झाकणावर हात ठेवून उभे राहिले. चाळीस वर्षं ज्याच्या हाताला गावाने नावाजलं, त्या माणसाला सुनेसमोर चूक कबूल करायची लाज वाटत होती. मी आतून ओरडत होतो, आबा, सांगा! पण मला तोंड कुठे आहे?

तेजश्री आता रडत होती. खोटी शपथ घेणाऱ्याकडे बघावं तसं आई आपल्याकडे बघते आहे, हे तिला सहन होत नव्हतं. सत्यशीला म्हणाली की उद्याची सहल बंद. आणि मग तिने नानकटाईची ताटली उचलली.

"जोवर डॉक्टरांचा फोन लागत न्हाई, तोवर भूक लागली तर हेच खा," ती म्हणाली. "यात तरी काही न्हाई."

तेजश्रीने हात पुढे केला. आबा तीन ढांगांत आले आणि त्यांनी ती ताटली ओढून घेतली. दोन नानकट्या जमिनीवर पडल्या. पडूनही त्या मोडल्या नाहीत.

"पोरगी खोटं बोलत न्हाई," आबा म्हणाले. "म्या टाकली भगर. तीन मुठी."

मला वाटलं सत्यशीला ओरडेल, पण ती ओरडली नाही. तिने वजनकाटा ओट्यावर ठेवला, त्यावर वाटी ठेवली आणि भगरीच्या पिठाचा डबा उघडून त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"मामा, तशाच तीन मुठी भरा. जशा दुपारी भरल्या, तशाच."

आबांनी जन्मात पहिल्यांदा काट्यावर मूठ उघडली. एक. दोन. तिसरी भरताना त्यांनी डोळे मिटून आठवलं आणि चिमूटभर पीठ परत डब्यात टाकलं. आकडा आला एकशे एकाहत्तर ग्रॅम. सत्यशीलाने कागदावर गणित केलं. एकूण पीठ, वीस नानकट्या, त्यांतल्या सहा. डॉक्टरांचा फोन लागला तेव्हा तिच्याकडे सांगायला अंदाज नव्हता, नेमका आकडा होता. त्यांनी माप सांगितलं. सुई दिली गेली.

मग दोन तास थांबायचं होतं. तेवढे दोन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. कुणी जेवलं नाही. दर अर्ध्या तासाने बोट टोचायचं. तीनशे पाच. दोनशे साठ. दोनशे दहा. प्रत्येक आकड्याला आबांचे ओठ हलत. सव्वानऊला एकशे चौसष्ट झाले आणि सत्यशीला भिंतीला टेकून खालीच बसली. तिने तेजश्रीला ओढून जवळ घेतलं आणि म्हणाली की तू खरं बोलत होतीस, माझं चुकलं, तू उद्या सहलीला जा.

आबा अजून उभेच होते. तेजश्री उठून त्यांच्याकडे गेली. तिने त्यांचा पिठाने पांढरा झालेला हात धरला.

"आबा, मला आधी सांगायचं होतं ना," ती म्हणाली. "मी दोनच खाल्ल्या असत्या. सुई घेऊन. भगर मला बंद न्हाई, नुसती मोजून खायाची हाय."

आबांनी तोंडावर उपरणं धरलं. चुकीपेक्षा हे त्यांना जास्त लागलं असावं. पोरीला हवी ती न मोडणारी नानकटाई देताही आली असती, दोन शब्द सांगून.

मित्रांनो, माझी काच पुसा, वायर जपा, मला माळ्यावर टाकू नका, हे तर मी सांगेनच. म्हाताऱ्या भांड्यांना तेवढा हक्क असतो. पण त्याहून मोठी एक विनंती आहे. कुणाच्या खाण्यात कितीही मायेने काही घाला, त्याला सांगून घाला. आणि घालून झाल्यावर चूक कळली, तर आपलं नाव जाईल म्हणून गप्प उभं राहू नका. त्या संध्याकाळी एक लहान मुलगी खोटी ठरत होती आणि खरं काय ते ठाऊक असलेले आम्ही दोघे त्या खोलीत होतो. त्यांतला मी ॲल्युमिनियमचा होतो.