सव्वा इंचाचा चमत्कार

त्या रविवारी चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. एरवी सकाळच्या उपासनेला आम्ही चाळीस माणसं, त्यातली निम्मी खोकणारी. त्या दिवशी बाकांवर दाटी, मधल्या वाटेत दाटी, खिडक्यांच्या कट्ट्यांवरही लोक चढून बसलेले. सगळ्यांच्या माना वेदीसमोरच्या एका खुर्चीकडे वळलेल्या. खुर्चीत आमचा पोस्टमन बसला होता आणि त्याच्या दोन्ही टाचा एका पाहुण्या उपदेशकाच्या तळहातांवर होत्या.

"बघा मंडळी, नीट बघा! डावा पाय आखूड! किती? अर्धा इंच! पाठ कशानं दुखते? यानं! डोकं कशानं दुखतं? यानं! नवरा-बायको कशानं भांडतात? यानंच! माणूस वाकडा उभा राहिला की संसार वाकडा होतो! प्रभू, वाढव हा पाय! वाढ, पाया, वाढ! वाढतोय... वाढतोय... वाढला!"

आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागे असलेली टाच सरकत सरकत दुसरीच्या बरोबरीला आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, पुरुषांनी तोंडात बोटं घातली. "आमेन, आमेन" करत पोस्टमन उठून नाचायला लागला. तीस वर्षं हा गृहस्थ दारोदार पायी फिरला, पण आपला एक पाय आखूड आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं, आणि त्याचे बूट तर मीच शिवतो.

बूट बनवणं हा माझा धंदा. माणूस भेटला की मी आधी खाली बघतो, तोंड मग. उपदेशकाचे बूट पांढरे, चकचकीत, रेक्झिनचे होते आणि आत टाचेखाली दोन बोटं जाडीची गादी होती, उंच दिसण्यासाठी. गावोगाव लोकांचे पाय वाढवत हिंडणाऱ्याला स्वतःचे वाढवायला फुरसत मिळाली नसावी. लोक त्याला बंधू म्हणत. मी मनातल्या मनात पांढरेबूट म्हणायचो.

मी चर्चला देवासाठी जात नाही, हे आमच्या पाळकसाहेबांना माहीत आहे. मी गाणं ऐकायला जातो, कारण तिथे माझी लेक गाते. ती सत्तावीस वर्षांची आहे, शाळेत संगीत शिकवते. तान्ही असताना तिच्या खुब्यात पू झाला आणि डावा पाय सव्वा इंच आखूड राहिला. ती उभी राहायला लागली तेव्हापासून तिचा प्रत्येक बूट मी बनवला आहे, डाव्याचा तळ सव्वा इंच जाड. त्या बुटावर ती चांगली चालायची. पण खुबा झिजत चालला होता. दोन वर्षं वाट पाहिल्यावर मोठ्या हॉस्पिटलमधून ऑपरेशनची तारीख आली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा नंबर सोडलात तर पुढचा कधी लागेल सांगता येणार नाही. तोवर खुबा उरणार नाही. मग चाकाची खुर्ची." तारखेला पाच आठवडेही उरले नव्हते.

पोस्टमननंतर पांढरेबुटांनी गाणाऱ्यांच्या रांगेकडे बोट केलं. "तिथे एक बहीण आहे. लहानपणापासून दुःख भोगते आहे. ये, ताई." लोकांनी हुंकार भरला. त्याला हे पवित्र आत्म्यानं नव्हे, पाळकसाहेबांनी चहा पिताना सांगितलं होतं. रिकाम्या बाकांसमोर वीस वर्षं बोलून थकलेले पाळकसाहेब त्या दिवशी गर्दी पाहून लहान मुलासारखे हरखले होते.

तिला खुर्चीत बसवलं. पांढरेबुटांनी तिचा डावा बूट काढला, जाड तळ सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि विचारलं, "हे ओझं हिच्या पायात कुणी घातलं?" दोनशे लोकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग प्रार्थना झाली, आरडाओरडा झाला आणि तिच्या दोन्ही टाचा एका रेषेत आल्या. सव्वा इंच! माझी पोर हुंदके देऊन रडली. अनवाणी उठून मधल्या वाटेनं चालत गेली, लांब झग्याखाली डाव्या पायाच्या चवड्यावर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिचा बूट बरे झालेल्यांच्या वस्तू ठेवायच्या साक्षीच्या टेबलावर मांडला गेला, कुणाच्या तरी काठीशेजारी.

"आता एकच नियम," पांढरेबूट म्हणाले. "दुखतं असं म्हणायचं नाही. शंका जिभेवर आली की देवाचं दान परत जातं."

सगळी कारागिरी या एका वाक्यात होती. लबाडी उघडी पडायची तर कुणीतरी "दुखतंय" म्हणायला हवं, आणि नेमकं तेच पाप ठरलं होतं.

पुढचे तीन रविवार हाच तमाशा. बेकरीवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं चष्मा साक्षीच्या टेबलावर ठेवला आणि "मला आता लख्ख दिसतं" असं सांगून परत जाताना दारापाशी कोट अडकवायच्या खुंटाळ्याला "प्रभू तुमचं भलं करो" म्हणाली. कुणी हसलं नाही. माझी लेक बाजारातल्या सपाट चपला घालून गायला उभी राहायची. लाकडी जमिनीवर तिचं एक पाऊल पुरतं वाजायचं, एक अर्धं. ते सगळ्यांना ऐकू यायचं, पण ऐकल्याचं कुणी दाखवत नव्हतं.

चौथ्या आठवड्यात, शुक्रवारी, ती न्हाणीत बादलीत पाय सोडून बसलेली मला दिसली. डाव्या चवड्यावर बोटभर जाड घट्टा पडला होता, कडेनं फुटलेला, आणि पाणी लाल झालं होतं.

"दुखतंय ना, बाळा?"

"नाही."

"अगं रक्त येतंय."

"बाबा, प्लीज. मला ते बोलायला लावू नका." तिनं टॉवेलनं पाय झाकला. "आणि मी ठरवलंय. सोमवारी हॉस्पिटलमध्ये जाऊन नाव काढून टाकणार. ऑपरेशन करून घेणं म्हणजे शंकाच झाली ना?"

तिची आई दारात उभी होती. तिचाही या सगळ्यावर विश्वास होता. "अहो, तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही का?" ती म्हणाली.

 मला आता फक्त एक रविवार मिळणार होता.

शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी तेलाचा हात फिरवून गुळगुळीत केलेल्या स्टुलावर बसलो आणि बायकोला म्हटलं, "माझा उजवा पाय धर आणि आधी मागे रेट." कुरकुरत तिनं रेटला. मांडी मागे सरकली, उजवी टाच डावीच्या मागे गेली. "आता ओढ. हळूच." तिनं ओढला. टाच पुढे आली.

"अगंबाई, वाढला की हो!" ती बोलून गेली आणि मग जीभ चावून स्वयंपाकघरात निघून गेली. त्या दिवशी ती माझ्याशी परत बोलली नाही, पण विचारात पडली हे मला दिसलं.

गुडघे टेकायच्या उशा शिवून देतो म्हणून चर्चची एक किल्ली माझ्याकडे असते. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी त्या खुर्चीच्या बैठकीला तळ चिकटवायचं सोल्युशन लावलं. तेच माझ्या जुन्या पँटच्या बुडालाही लावलं होतं. हे सोल्युशन दोन्हीकडे लावून वाळू द्यायचं असतं. वाळलं की बोटाला चिकटत नाही, पण लावलेले दोन भाग एकमेकांवर टेकले की सुटत नाहीत. उपासनेभर मी उभाच राहिलो. "आज फार भक्ती आलीय," शेजारचा औषधवाला म्हणाला.

उपदेश संपला, खुर्ची पुढे आली आणि पांढरेबुटांनी "कोण येतंय?" म्हणायच्या आत मी पोचलो. सगळीकडे कुजबुज झाली. नास्तिक बूटवाला शरण आला! पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय दुखतं, दादा?"

"पाठ." मी पट्टा आवळून, पाठ टेकवून बसलो.

त्यानं माझ्या टाचा धरल्या. "उजवा आखूड!" म्हणत उजवा पाय मागे रेटला. पाय हलला नाही. त्यानं पुन्हा रेटलं. दोन्ही टाचा एका रेषेत, सगळ्यांसमोर. मग तो घाईनं म्हणाला, "डावा! डावा आखूड!" आणि डावा ओढला. खुर्चीच माझ्यासकट पुढे सरकली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"सैतानानं धरून ठेवलंय याला!" पांढरेबूट ओरडले.

"सैतान नाही, सोल्युशन," मी म्हटलं. "मी खुर्चीला चिकटलोय. म्हणून तुमचा पाय वाढत नाही." आणि तिथेच, उठता येत नसताना, मी मोठ्यानं सांगितलं, "मंडळी, ही बैठक गुळगुळीत आहे. आधी पाय रेटून माणसाची एक मांडी मागे सरकवायची. पाय आखूड दिसतो. मग प्रार्थनेच्या गोंधळात तोच पाय ओढायचा. मांडी पुढे येते, पाय वाढला! ज्याचा खरंच आखूड आहे त्याचा नुसता ओढायचा. घरी जाऊन स्टुलावर करून बघा. माझ्या बायकोलाही जमलं."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही.

मी इथे थांबू शकलो असतो. थांबलो असतो तर लेकीनं सोमवारी नाव काढलं असतं, कारण माझा पाय वाढला नाही यानं तिचा वाढला होता हे खोटं ठरत नव्हतं. म्हणून मी ते केलं. दोनशे लोकांसमोर मी तिला हाक मारली.

"बाळा, चपला काढ. झगा जरा वर घे. सरळ उभी राहा आणि दोन्ही टाचा जमिनीला टेकव."

"बाबा, नको."

"टेकव."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. मग डावी टाच खाली नेली. तिचा सगळा देह डावीकडे कलला, खांदा उतरला, शेजारच्या बाईचा हात धरावा लागला. चर्चमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. माझ्या पोरीचा चेहरा तेव्हा मी पाहिला, आणि तसा चेहरा शत्रूच्या मुलीचाही पाहायची वेळ येऊ नये.

पांढरेबुटांना तेवढंच हवं होतं. "पाहिलंत? बापानं शंका बोलून दाखवली आणि या क्षणी, तुमच्यासमोर, दान परत गेलं!"

आणि लोक "आमेन" म्हणाले. सगळे नाही, पण पुष्कळ जण म्हणाले. बेकरीवाला उठून माझ्या अंगावर धावला. "पोरीचा चमत्कार हिरावलास तू, हलकटा!" मी खुर्चीला चिकटलेला, मला धड मागेही सरता येईना.

तेव्हा माझी लेक बाकावर बसली, डावा पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर घेतला आणि चवडा सगळ्यांकडे वळवला.

"हा घट्टा बघा," ती म्हणाली. गाणारीचा तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "हा एका क्षणात पडत नाही. चार आठवडे मी चवड्यावर चालतेय. पाय त्या दिवशीसुद्धा वाढला नव्हता, बंधू. पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मला कळलं होतं. दुखतं. रोज दुखतं. तुम्ही सगळे टाळ्या वाजवत होता, म्हणून मी बोलले नाही."

यावर आमेन कुणी म्हणालं नाही. पांढरेबूट "आपण प्रार्थना करू" म्हणत मागच्या खोलीत गेले आणि तिथल्या दारानं बाहेर पडले. महिन्याभरात दुसऱ्या कुठल्या गावात त्यांनी पाय वाढवायला घेतल्याचं कानावर आलं. बेकरीवाल्याची आई मात्र चष्मा घ्यायला तयार झाली नाही. "माझ्या डोळ्यांना कुणी सोल्युशन लावलं नव्हतं," ती म्हणाली. पुढच्या महिन्यात ती जिन्यावरून पडली आणि गेली. तिच्या अंत्यविधीला बेकरीवाल्यानं मला दारातून परत पाठवलं.

लेकीचं ऑपरेशन ठरल्या तारखेला, त्याच आठवड्यातल्या गुरुवारी झालं. खुबा वाचला. हॉस्पिटलमध्ये सोबतीला तिची आई होती, कारण मी यायचं नाही असं लेकीनं सांगितलं होतं. आठ महिने झाले, ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मी तिला अपमानानं वाचवलं आणि तो अपमान तिला आठवतो. यात तिचं काही चुकत नाही. मला राग आहे तो त्या दोनशे भल्या माणसांचा, ज्यांनी ते अर्धं वाजणारं पाऊल चार रविवार ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या.

तुम्ही उपासनेला जा, गा, हात जोडा, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्यासमोर कुणी कुणाला बरं केलं तर टाळी वाजवण्याआधी त्या माणसाजवळ जा आणि विचारा, "दुखतंय का?" आणि तो "हो" म्हणाला, तर त्याच्यावर रागावू नका.