पिवळी ओळ

मित्रांनो, मी जुना झालेला एक कंपायलर. पण माझ्याआधी सुहासरावांचा लाभ मांडतो, कारण त्यांनीही तोच आधी मांडला होता. कामशेतच्या त्यांच्या गिरणीत तांदळातले खडे काढणारं यंत्र चाललं, की दारावर ‘सर्वांत वेगवान’ अशी पाटी लागणार आणि पेपरात फोटो येणार. हर्षदाला मिळणार होती कायमची नोकरी. वलवणहून येणारी ही मुलगी यंत्राचा प्रोग्राम लिहायची. मी तो यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवायचो. नवा होतो तेव्हा माझं कौतुकही व्हायचं.

यंत्रात ग्राफिक्स कार्ड होतं. कॅमेऱ्याखालून धावणारे हजारो दाणे ते एकदम तपासतं. खडा दिसला की वाऱ्याचा झोत त्याला बाहेर उडवतो. क्रम लावणं, निवडणं अशा नेहमीच्या कामांची तयार पेटी प्रोग्रामरला मिळते, तिला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. पण तिच्यातली सगळी हत्यारं कार्डावर चालवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. न जमणारं काम मी साध्या प्रोसेसरकडे द्यायचो. तो सावकाश बघत बसतो, तोवर खडा पुढे निघून जातो. म्हणून मी पडद्यावर पिवळी ओळ लिहायचो: हे कार्डावर चालणार नाही.

हर्षदाने ती सुहासरावांना दाखवली. तेवढा भाग मी हाताने लिहिते, उद्घाटन पुढे ढकला, म्हणाली.

“पाहुण्यांपुढं पिवळं फक्त पिठलं दिसलं पाहिजे,” असं म्हणत त्यांनी स्वतःच माझे इशारे बंद केले. तोंड बांधून वर चोख कामाची अपेक्षा! मला शिसारी आली.

उद्घाटनाला गावातले म्हातारे शेतकरी धोंडिबा आबा यांच्या शेतातला इंद्रायणी तांदूळ यंत्रातून गेला आणि त्याचाच भात शिजवून पंगत बसली. पहिला घास मानाने आबांना. कडकन आवाज झाला. आबांनी तळहातावर खडा ठेवला, शेजारी अर्धी दाढ, आणि शांतपणे म्हणाले, “सुहासभाऊ, भात लय झ्याक शिजलाय. खडा मातुर कच्चाच ऱ्हायलाय.”

सुहासरावांनी दोष दोन वाट्यांत वाटला: पोरगी नवखी, कंपायलर जुना. ओळ कुणी झाकली, हे पंगतीत कुणीच विचारलं नाही. पिठलं मात्र पुन्हा मागितलं.

मी आता कपाटातल्या जुन्या डिस्कवर पडून आहे. मित्रांनो, आम्हाला वापरायचं तर नवं शिकवत राहा. आणि जमत नाही असं आम्ही सांगितलं, तर निदान वाचा.

आता हिशेब. पाटी लागली, ती सुहासरावांची. नोकरी गेली, ती हर्षदाची. दाढ गेली, ती आबांची.