जनरल अर्झकींना झालेला उशीर

"साहेब, ढग कड्यांवर टेकलेत. अशात हेलिकॉप्टर काढलं, तर तिला आणायचं राहील बाजूला, आपणच जाऊ," कॅप्टन नसीम म्हणाला.

जनरल अर्झकी जुर्जुराच्या डोंगराकडे बघत होते. वरच्या गावाची वाट सहा दिवस बर्फानं अडली होती आणि गावातली एक बाळंतीण कालपासून अडली होती. चार वाजता अल्जियर्सला अर्झकी हवाई दलाचे प्रमुख होणार होते.

"मंत्रीसाहेब वाट बघतील," सहायकानं घड्याळ पुढे केलं.

"मी चौतीस वर्षं बघितली. त्यांना दोन तास बघू दे. नसीम, सरक तिकडं."

लढाऊ विमानवाले त्यांना 'पीठवाला' म्हणायचे. हे नाव आजचे मावळते प्रमुख वहाब यांनीच ठेवलेलं. भूकंपात, दुष्काळात पिठाची पोती पोचवण्यात अर्झकींची उभी नोकरी गेली. पण त्यापायी डोंगरातली दरी न् दरी पाठ झाली होती.

ते ढगात शिरलेच नाहीत. ढगांच्या पोटाखालून, ओढ्याचं पात्र धरून ते वर चढत गेले. दोनदा नसीमनं डोळे मिटले. दुसऱ्यांदा उघडले, तेव्हा खाली गावची मशीद होती.

पाती फिरतीच ठेवून अर्झकी उतरले. बायकांनी तिला दारात आणलं होतं. त्यांनी तिला दोन्ही हातांवर उचललं.

"ए ड्रायव्हर, हळू! पोतं आहे का ते?" तिची सासू तसादित कडाडली.

"नाही, यम्मा."

आत बसल्यावर म्हातारी जरा निवळली. "उशीर झाला म्हणून साहेब ओरडेल ना रे तुला?"

"ओरडेल की."

"सांग त्याला, तसादितचं काम होतं. मग बघते कोण ओरडतं!" आणि तिनं वाळके अंजीर त्यांच्या खिशात कोंबले.

खाली तिझी-उझू शहराच्या इस्पितळात ते बाकावर बसून राहिले. आतून रडणं ऐकू आलं, तेव्हाच उठले.

सभागृहात पोचायला सहा वाजले. बुटांना चिखल, अस्तनीवर वाळलेलं रक्त. मंत्र्यांचा चेहरा आंबला होता. वहाब छातीवर प्रमुखपदाचं चिन्ह लावायला पुढे आले आणि त्यांची नजर अस्तनीवर थबकली.

"हे काय?"

"बाळंतिणीचं आहे."

"मग?" वहाबांचा आवाज एकदम खाली आला.

"मुलगी. दोघीही बऱ्या आहेत."

वहाबांनी चिन्ह लावलं. एक पाऊल मागे सरले, टाचा जुळवल्या आणि आधी स्वतः सलाम ठोकला. मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सगळं सभागृह उभं राहत होतं.