छतावरची पाटी

सव्वीस वर्षं बाईंनी लोकांना गाडी शिकवली, पण शेजारच्या सीटवर बसून. पाय जादा ब्रेकवर आणि तोंडाचा पट्टा चालू. स्वतः मात्र त्या गावाबाहेर कधी गाडी नेत नसत. निवृत्त झाल्यावर तीच जुनी गाडी घेऊन त्या एकट्याच उत्तरेला निघाल्या.

नुसतं जंगल आणि वळणावळणाला धबधबे. पहिले दोन दिवस त्या सवयीने स्वतःवरच खेकसत होत्या, "आरसा बघा! क्लच हळू सोडा!" तिसऱ्या दिवशी ते आपोआप थांबलं. लाकडांचे अजस्र ट्रकसुद्धा त्यांना बघून बाजूला होत. "इकडची माणसं भलतीच सालस," बाई स्वतःशीच म्हणाल्या.

सगळ्यात उंच धबधब्यापाशी त्या तुषार अंगावर घेत उभ्या होत्या. तिथे पाणी भरायला थांबलेल्या ट्रकवाल्याने विचारलं, "काकू, इतक्या लांब गाडी शिकायला आलात? शिकवणारा कुठंय?"

बाईंनी वळून पाहिलं. 'शिकाऊ चालक' ही लाल पाटी छतावर दिमाखात उभी होती. काढायचीच राहिली होती!

एरवी त्यांनी त्याला फैलावर घेतलं असतं. आज त्या खो खो हसल्या.

"शिकवणारीला सुट्टी दिलीय बाबा. फार डोकं खायची."