भिंगरीला उत्तर

ग्रंथपालांनी आयुष्यात एकच पत्र अनुत्तरित ठेवलं, आणि ते नेमकं धाकट्या बहिणीचं. वाचनालयात होते तेव्हा तिरसट सभासदांच्या तक्रारींनाही ते दुसऱ्या दिवशी उत्तर धाडत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना ग्रंथपालच म्हणत. फोनवर त्यांची बोबडी वळायची, म्हणून बहीण पत्रंच लिहायची. लहानपणी ती एका जागी ठरायची नाही, तेव्हापासून ती भिंगरी.

तिने लिहिलं होतं:

"दादा, माझ्या ब्लडप्रेशरचा चोर अखेर सापडला! दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या छोट्या ग्रंथी असतात म्हणे. माझ्या ग्रंथी एक हॉर्मोन वाजवीपेक्षा जास्त तयार करतात. त्याने अंगात मीठ साठतं, पोटॅशियम वाहून जातं आणि प्रेशर काही केल्या उतरत नाही. हे घराण्यात असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा एक्कावन्नाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. तू तीन-तीन गोळ्या खातोस, तरी तुझं प्रेशर चढलेलंच. तुझ्याही पोटऱ्यांत गोळे येतात. माझ्या जिवाला घोर लागलाय. रक्त तपासून घे आणि मला कळव."

पत्र वाचून ग्रंथपालांनी तेच केलं जे त्यांनी जन्मभर केलं होतं. ते उठून कपाटाकडे गेले. वाचनालयाने रद्दीत काढलेला एक जाडजूड वैद्यकीय कोश त्यांनी प्रेमाने घरी आणला होता. त्यात तो आजार सापडला. पुढे लिहिलं होतं, 'अत्यंत दुर्मीळ.' ग्रंथपालांचा जीव भांड्यात पडला. अत्यंत दुर्मीळ गोष्ट एका घरात दोनदा कशी असेल? भिंगरीला उगाच राईचा पर्वत करायची सवयच होती.

पण हे तिला लिहायचं कसं? पहिला मसुदा हेडमास्तरासारखा झाला. दुसरा इतका गुळमुळीत, की त्यात काय म्हणायचंय ते त्यांनाच कळेना. तिसऱ्यात तळटीप आली. ती पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि पत्र खणात गेलं. एक महिना गेला, दोन गेले. मग उशीर झाल्याची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेने आणखी उशीर झाला. एरवी महिन्याला पत्र टाकणारी भिंगरीही गप्प झाली होती. ती रागावली, की तिने आपला नादच सोडला? विचारायचं धाडस त्यांना होईना.

सात महिन्यांनी एका सकाळी जिना चढताना ग्रंथपालांचे पाय लटपटले आणि त्यांनी पायरीवरच बसकण मारली.

"अहो, काय झालं?" बायको धावत आली.

"काही नाही. जरा टेकलो."

"जिन्यात कसले टेकताय? चेहरा बघा, पांढराफटक पडलाय!"

तिने त्यांना रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला. वरचं प्रेशर एकशे नव्वद निघालं. दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टर त्यांच्या मुलीच्या वयाची होती. तिने पोटॅशियमच्या आकड्यावर पेन टेकवलं.

"हे फारच खाली आहे. घरात कुणाला मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा त्रास?"

ग्रंथपाल चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "बहिणीला. तिने सात महिन्यांपूर्वी कळवलंय. मलाही तपासून घे म्हणाली होती."

बायकोने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मग तपासलं का नाही, काका?"

"पुस्तकात पाहिलं. दुर्मीळ लिहिलं होतं."

"कुठल्या सालचं पुस्तक?"

चौतीस वर्षं काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रंथपाल बजावत आले होते, आधी छपाईचं साल बघा, मग पान उघडा. आणि स्वतः? साल त्यांना पाठ होतं. फक्त त्या दिवशी ते बघायची इच्छा नव्हती.

"आमच्या लग्नाच्या वर्षीचं," ते पुटपुटले.

"त्रेचाळीस वर्षं झाली, डॉक्टर," बायको म्हणाली. "दोन्ही सांभाळून ठेवलंय त्यांनी."

डॉक्टरने ओठ दाबून हसू आवरलं. "काका, तेव्हा हा आजार फारसं कुणी शोधायचंच नाही, म्हणून दुर्मीळ वाटायचा. आता शोधतो, तर बऱ्याच जणांत सापडतो."

मग काही आठवडे तपासण्यांत गेले. गोळ्या बदलल्या, पुन्हा रक्त घेतलं, स्कॅन झाला. दोन्ही ग्रंथींचा उद्योग सारखाच निघाला, त्यामुळे शस्त्रक्रियेचा प्रश्न नव्हता. त्या हॉर्मोनला आवर घालणारी एक गोळी सुरू झाली. दीड महिन्यात प्रेशर एकशे चौतीसवर आलं. पोटऱ्यांतले गोळे थांबले. ग्रंथपाल एका दमात जिना चढले आणि वर कुणी बघत नाहीसं पाहून पुन्हा उतरून चढले.

त्या दिवशी डॉक्टर म्हणाली, "मुलीलाही तपासायला सांगा. आणि बहिणीला कळवलंत ना? तिच्यामुळे आमचं अर्धं काम झालं."

घरी येऊन ते टेबलाशी बसले. 'पत्रोत्तरास विलंब झाल्याबद्दल दिलगीर आहे,' असं लिहिलं.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "हे बहिणीला लिहिताय, की पुस्तक बुडवणाऱ्या सभासदाला?"

"मग काय लिहू? तिने माझं नावच टाकलं असेल तर?"

"टाकलं असेल तर टाकलं असेल. तिला घोर लागलाय तो तरी उतरवा."

त्यांनी कागद फाडला. नव्या कागदावर मात्र पेन अडखळलं नाही.

"भिंगरे, तुझं म्हणणं खरं निघालं. मलाही तेच आहे. मी जुन्या पुस्तकावर विश्वास ठेवला, तुझ्यावर ठेवला नाही, आणि मग तोंड लपवून बसलो. आता औषध लागू पडलंय, मी बरा आहे. तू कशी आहेस? हे मी दहा महिन्यांपूर्वी, सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. दादा."

पुन्हा वाचायची सोय राहू नये म्हणून त्यांनी पाकिटाला लगेच डिंक लावला. तीन गल्ल्या चालून ते टपालपेटीपाशी पोहोचले. फटीत पाकीट अर्धं सरकवल्यावर त्यांना वाटलं, 'तोंड लपवून' जरा जास्त तर झालं नाही? मागे एक बाई हातात चार पाकिटं घेऊन उभी होती.

"टाकताय ना, आजोबा?"

"हो, हो," ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांनी बोटं सोडली.